मदत हवी आहे: एक मुका क्लायंट अख्खा टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणीचा) सर्व्हर अडवतोय

पायथन ३.११, लिनक्स, फक्त स्टँडर्ड लायब्ररी. एसएसएल कॉन्टेक्स्टने (टीएलएसच्या सेटिंग्जच्या ऑब्जेक्टने) थेट लिसनिंग सॉकेटच, म्हणजे नव्या जोडण्यांची वाट बघणारं सॉकेटच, रॅप केलंय. ओपनएसएसएलच्या क्लायंटने जोडलं की टीएलएस १.३ चा हँडशेक (एन्क्रिप्शन ठरवायची सुरुवातीची देवाणघेवाण) नीट होतो, म्हणजे सर्टिफिकेटची भानगड नाही. पण नेटकॅटने (साधी टीसीपी जोडणी करणारं टूल) नुसतं ८४४३ पोर्टला जोडून गप्प बसलं, की ॲक्सेप्ट (नवी जोडणी स्वीकारणारा कॉल) हँडशेकची वाट बघत तिथेच अडकतं आणि मागचे सगळे ताटकळतात. प्रत्येक क्लायंटला वेगळा थ्रेड आहे, पण तो सुरू होतो ॲक्सेप्टनंतर, मग काय उपयोग! लिसनिंग सॉकेटला ५ सेकंदांचा टाइमआउट लावून पाहिला, ढिम्म फरक नाही. असिंकआयओकडे (पायथनची असिंक्रोनस लायब्ररी) सध्या वळता येणार नाही, जुना कोड बराच आहे.

साधं सॉकेट ॲक्सेप्ट करून थ्रेडमध्ये रॅप केलं आणि टाइमआउट रॅप करण्याआधी लावला, तर तो हँडशेकलाही लागू होतो का, की हँडशेक वेगळा बोलवावा लागेल?