मदत हवी आहे: तिसरीच्या वर्गात जेवणानंतर दात घासायला सुरुवात करायची आहे

नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गात ३१ मुलं आहेत.

गेल्या महिन्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन गेलं. डॉक्टरांनी मन लावून तपासलं आणि १४ मुलांना दाताच्या चिठ्ठ्या दिल्या. आजवर दवाखान्यात गेली फक्त दोन. बाकीच्यांच्या घरी विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाई, दुधाचा दात आहे, पडेल की आपोआप."

सगळे दुधाचे नाहीत ना पण! एक मुलगा पोषण आहाराची खिचडी डाव्या बाजूनेच चावतो. हरभऱ्याची उसळ असली की दाणे वेचून ताटाच्या कडेला लावतो. तोंड उघडायला लावलं, तर उजवीकडे खाली शेवटच्या दाढेत काळा खड्डा. ही सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी कायमची दाढ. ती कुठलाच दात न पडता मागच्या मागे उगवते, म्हणून घरच्यांना दुधाचीच वाटते. गेली की परत यायची नाही.

दुसरी काळजी वजनाची. तीन-चार मुलं भराभर सुटत चालली आहेत. घरी कौतुक, "खात्यापित्या घरचं पोर आहे." वर्गात त्यांनाच नावं ठेवतात. सगळ्यांसमोर काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं सांगायची पद्धत मी यंदा बंद केली. एकेकाला बोलावून वजन-उंची घेते आणि आकडा फक्त पालकांना सांगते.

दोन्हीकडे साखर आहेच. वाढदिवसाला वर्गभर टॉफ्या, मधल्या सुट्टीत फाटकासमोरची टपरी. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पण टपरी चालवणाऱ्या मावशींचं घर त्यावर चालतं, त्यांचा मुलगा आमच्याच चौथीत आहे. तक्रार करायला हात धजावत नाही.

नळ दोनच आहेत. ३१ ब्रश ठेवू कुठे? मावशींशी काय बोलू? कुणी हे करून पाहिलंय का?

प्रतिसाद (दंतवैद्य, लातूर)
ताई, नळावाचून अडत नाही. मुलांना अंगणात ओळीने बसवा. ट्यूब कुणाच्या ब्रशला टेकवू नका. एका ताटलीत वाटाण्याएवढे ठिपके काढा, ज्याने त्याने आपला उचलावा. पेस्टवर फ्लोराइड १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त लिहिलेलं बघा. दोन मिनिटं घासून नुसतं थुंकायचं, खळखळून चुळा भरायच्या नाहीत. ब्रशवर नावं घाला, धुऊन उभे ठेवा, एकमेकांना चिकटू देऊ नका आणि बंद डब्यात तर मुळीच नको. तीन महिन्यांनी बदला. फिलिपाइन्समधल्या सरकारी शाळांत रोज हात धुणं, दात घासणं आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी असा कार्यक्रम राबवलेला आहे. तुम्हाला नक्की जमेल.

त्या मुलाला मात्र याच आठवड्यात दाखवा. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली नसेल तर खड्डा साधा भरून भागेल. बाकीच्यांच्या चांगल्या दाढांच्या खाचा सीलंटने, म्हणजे कीड लागू नये म्हणून लावायच्या पातळ लेपाने, बुजवता येतात. जवळच्या दंत महाविद्यालयाच्या सार्वजनिक दंत आरोग्य विभागाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या, त्यांची शिबिरं होत असतात.

प्रतिसाद (शिक्षक, किनवट)
एक सांगतो मॅडम, आधी शाळेच्या बोअरचं पाणी तपासून घ्या. आमच्या भागात पाण्यातच फ्लोराइड जास्त, मुलांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे दिसतात. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर आधी पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय बघा, पेस्टचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रतिसाद (पालक, डोंबिवली)
सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखरेचे फलक (कशात किती साखर असते ते दाखवणारे) लावायला सांगितले, ते तुम्हीही करू शकता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. १६०० कॅलरी खाणाऱ्या मुलाला ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम, पाच चमचे. थंड पेयाच्या २०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच जवळपास तेवढी असते. आम्ही मुलांकडूनच चमच्याने साखर मोजून रिकाम्या बाटलीत भरून घेतली. बाटली आठवडाभर वर्गात होती, वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मावशींशी भांडू नका. वाढदिवसाचे पेरू, बोरं, उकडलेल्या शेंगा त्यांच्याकडूनच घ्यायचं पालकसभेत ठरवा. त्यांचा धंदा बुडणार नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मावशींशी बोलले. पेरू ठेवते म्हणाल्या, पण "पोरांनी घेतले नाहीत तर नासतील" ही धास्ती आहे. पहिल्या आठवड्याचे पेरू वर्गासाठी मीच घेईन असं सांगितलंय. पाण्याचा नमुना सोमवारी देते. त्या मुलाचे वडील शनिवारी शाळा सुटल्यावर यायला तयार झालेत, मी सोबत जाणार आहे.

दंत महाविद्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर इथेच टाकाल का?