मदत हवी आहे: जुन्या पीसीवर व्हीआर अडखळतंय

नमस्कार मंडळी. माझा पीसी तसा म्हातारा: आय५-७५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. भावाने वापरलेला व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावायचा, दिला, तो यूएसबी केबलने जोडलाय. साधे गेम झकास चालतात. 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स'मध्ये मात्र मान वळवली की चित्र मागे रेंगाळतं आणि दहा मिनिटांत मळमळतं. घरबसल्या गाडी लागते म्हणा ना! गेमची किमान अट जेमतेम माझ्या पीसीएवढीच, म्हणून दोष कुणाला देणार?

९० हर्ट्झवर (सेकंदाला ९० चित्रं) एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, ११ मिलिसेकंदच मिळतात, ७२ वर जवळपास १४. म्हणून ७२ केलं, सावल्याही कमी केल्या. थोडा फरक पडला. रिझोल्यूशन उतरवलं तर अक्षरं धूसर होतात, ते नको वाटतं.

केबलवरून पाठवताना प्रत्येक फ्रेम कार्डालाच व्हिडिओसारखी कॉम्प्रेस करावी लागते. बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) कमी केला तर तो भार हलका होईल का? आणि कार्ड दमतंय की प्रोसेसर, हे हेडसेट घातलेला असताना कसं बघता?

नवं कार्ड घ्यायचंच झालं तर बजेट १५ हजार, सेकंडहँडही चालेल. पॉवर सप्लाय ४५० वॅटचाच आहे, तेवढं लक्षात घेऊन सांगा.