मदत हवी आहे: तेलविहिरीत वाफ सोडायचं काम कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, 12 वर्षं साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहे. राजस्थानात जड तेलाच्या विहिरींवरच्या बॉयलरसाठी पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे, म्हणून रोज रात्री वाचत बसतोय.

मूळ कल्पना लगेच पटली. गुऱ्हाळात काहिलीतली गरम काकवी पळीवरून धारेनं पडते, तीच थंडीत सकाळी बरणी उलटी केली तरी हलत नाही. जमिनीखालचं जड तेलही तसंच. विहिरीत काही दिवस वाफ सोडायची, तोंड बंद करून मुरू द्यायची, मग त्याच विहिरीतून पातळ झालेलं तेल उपसायचं. 1959 मध्ये व्हेनेझुएलात हा प्रकार अपघातानेच सापडला.

अडलंय ते इथे. आमच्याकडे टर्बाइनला पाण्याचा थेंब चालत नाही, वाफ सुपरहीटच (आणखी तापवून पूर्ण कोरडी केलेली) हवी. तिथे मात्र वाफेत मुद्दाम सुमारे 20% पाणी ठेवतात. क्षार त्या पाण्याबरोबर निघून जावेत, नळ्यांत साचू नयेत म्हणून, एवढं कळलं. पण चालू कामात हे प्रमाण मोजतात कसं? पाण्यातल्या क्लोराइडवरून (क्षारावरून) की ऑरिफिसवरून (पाइपातल्या भोकाच्या चकतीवरून)?

दुसरं, उथळ थरात दाब फार वाढला तर वरचा खडक फुटून वाफ भलतीकडे जाते. ही मर्यादा बॉयलरवाल्याला कोण सांगतं?

मेहसाणा (गुजरात) किंवा बाघेवाला (राजस्थान) इथल्या जड तेलाच्या विहिरींवर काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा. रात्री नऊनंतर फोनवर बोलायलाही तयार आहे.