'वोम्झा, रशिया' : सासूबाईंच्या आजोबांची जन्मनोंद कुठे शोधू?

थोरली सून:
सासूबाई अमेरिकन, त्यांचं आजोळ पोलिश. ऑक्टोबरात ऐंशी पूर्ण होतील. त्यांच्या आजोबांची मूळ जन्मनोंद चौकटीत घालून द्यावी असं मनात आहे. नागरिकत्व, पासपोर्ट वगैरे काही नको. हाताशी एवढंच: नाव जॉर्ज, जन्म २३ एप्रिल १८८९, न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडवर उतरले १९०८ साली. अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जात जन्मगाव 'वोम्झा, रशिया'. पोलिश माणूस रशियात कसा जन्मला, इथेच गाडी अडली. वोम्झा पोलंडमध्ये आहे हे नकाशात दिसतंय. तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयाला मेल लिहून ठेवलाय. पूर्ण उताऱ्याचे ३३ झ्वोती (पोलिश चलन) पडतात म्हणे. पाठवू का?

झाड वंशाचं:
वकिलातीला विचारून बघा, ते सगळं करून देतात.

जुनी वही:
वकिलातीत जाऊ नका आणि मेलही पाठवू नका. पोलंडात जन्माची वही नोंदणी कार्यालयात शंभर वर्षं राहते, लग्नाची आणि मृत्यूची ऐंशी. नंतर ती सरकारी अभिलेखागारात जाते. १८८९ ची वही कार्यालयातून केव्हाच हललेली असणार. अभिलेखागाराने स्कॅन टाकलं असेल तर ३३ झ्वोती कशाला, घरबसल्या फुकट बघाल.

रशियाचं म्हणाल तर १७९५ पासून १९१८ पर्यंत स्वतंत्र पोलंड नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तो वाटून घेतला होता. म्हणून पोलिश पूर्वज शोधताना पहिला प्रश्न: कोणाच्या वाट्यातला? ऑस्ट्रियाच्या गालिसियात लॅटिनमधले तक्ते, प्रशियात १८७४ पासून सरकारी नोंदणी, ती जर्मनमध्ये. वोम्झा रशियाच्या वाट्याला. तिथे १८६८ पासून नोंदी रशियनमध्ये होऊ लागल्या, त्याही तक्ता नाही, सलग परिच्छेद, पाद्र्याच्या हाताने लिहिलेला. मनाची तयारी ठेवा.

आणि 'वोम्झा' हे शहर असेलच असं धरून चालू नका. तेव्हा वोम्झा नावाचा अख्खा प्रांत होता, गुबेर्निया म्हणत त्याला. परक्या कारकुनापुढे खेड्याचं नाव कोण उच्चारत बसणार? माणसं प्रांताचं नाव सांगून मोकळी होत. पण नोंद असते पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, वहीत. म्हणजे आधी खेडं, मग पॅरिश, मग साल. हा क्रम चुकला की महिनोन्‌महिने जातात. माझे दीड वर्ष गेले, म्हणून सांगतोय.

खेड्यासाठी जहाजाची यादी काढा. १९०८ ची यादी दोन पानांवर पसरलेली असते. लोक डावं पान बघतात, नाव सापडलं की खूश होऊन बंद करतात. उजव्या पानाचा शेवटचा रकाना जन्मगावाचा असतो.

थोरली सून:
उजवं पान! मी चार वर्षं डाव्याच पानाचा प्रिंट सांभाळून ठेवलाय. शेवटच्या रकान्यात 'दोंब्रोवा' आहे. पण नकाशावर दोंब्रोवा टाकलं तर पोलंडभर टिपके उठले.

भूर्जपत्र:
उठणारच. दोंब्रोवा म्हणजे ओकची राई. जिथे राई तिथे दोंब्रोवा. त्यात तुमच्या भागात घोळ जास्त: जुन्या वोम्झा प्रांताच्या माझोव्येत्स्क जिल्ह्यात दोंब्रोवा-मोचिद्वी, दोंब्रोवा-वाझी, दोंब्रोवा-किती, दोंब्रोवा व्येल्का अशी एकाच्या शेजारी एक खेडी आहेत. गावावरून शोधू नका, आडनावावरून शोधा. पोलिश वंशावळी संस्थेची 'गेनेतेका' ही फुकट सूची आहे. तिथे पोद्लास्क्ये प्रांत निवडा (वोम्झा आज त्यात येतं), साल १८८७ ते १८९१ ठेवा. आईबापांची नावं सूचीतच दिसतात, पुष्कळदा स्कॅनचा दुवाही असतो.

एक मात्र करा, जॉर्ज शोधू नका, वोइचेख शोधा. अमेरिकेतले कितीतरी जॉर्ज आणि आल्बर्ट गावाकडे वोइचेख होते. २३ एप्रिल हा संत वोइचेखचा दिवस, म्हणून माझा संशय जास्तच बळावलाय.

थोरली सून:
सापडले! वोइचेखच. काल रात्री दोन वाजता नवऱ्याला उठवून दाखवलं, तो 'छान' म्हणाला आणि कूस वळून झोपला.

बापाचं नाव माझ्याकडच्या आजोबांच्या लग्नाच्या दाखल्याशी जुळलं, आईचं माहेरचं आडनावही जुळलं. रशियन अक्षरांत आडनाव मला ओळखूच आलं नसतं, पण पाद्र्याने कंसात पोलिश लिपीत पुन्हा लिहिलंय, देव त्याचं भलं करो. सुरुवातीला तारीख जोडीने आहे, ११/२३ एप्रिल. तीच जन्मतारीख ना?

जुनी वही:
नाही, ती पाद्र्यासमोर नोंद झाली तो दिवस. जोडी अशासाठी की रशियाचं जुनं कॅलेंडर तेव्हा बारा दिवस मागे होतं: ११ त्यांची, २३ आपली. जन्माची तारीख मधे येते, बाप आणि दोन साक्षीदार यांची नावं-वयं संपली की. तारखा अक्षरी लिहिलेल्या असतात. त्या ओळीचा मोठा करून फोटो टाका.

थोरली सून:
टाकलाय.

जुनी वही:
सात/एकोणीस एप्रिल, पहाटे चार वाजता. म्हणजे मूल चार दिवसांचं होतं. चर्चमध्ये आणलं तो वोइचेखचा दिवस, नाव तेच पडलं. अमेरिकेत त्यांनी नावाचाच दिवस वाढदिवस म्हणून सांगितला असावा.

थोरली सून:
सासूबाईंकडे दरवर्षी २३ ला आजोबांच्या नावाने मेणबत्ती लावतात! बरं, अगदी शेवटी एक लांब ओळ आहे, सही फक्त एक. बापाची सही का नाही?

जुनी वही:
त्या ओळीत लिहिलंय: हजर असलेल्या निरक्षरांना हा लेख वाचून दाखवला, सही फक्त आम्ही केली. 'आम्ही' म्हणजे पाद्री. त्या काळच्या बहुतेक नोंदी अशाच संपतात.

थोरली सून:
पान कडेला फाटलंय आणि शाईचा एक डाग बरोबर वोइचेखच्या नावावर आहे. फोटोशॉपमध्ये साफ करू का?

भूर्जपत्र:
हात लावू नका डागाला. तारखेचं मात्र चौकट देण्याआधी सासूबाईंच्या कानावर घाला, पाहुण्यांसमोर नको.