मदत हवी आहे: पायथनमध्ये ०.०४७६ चं परत १/२१ कसं करायचं?

मंडळी, दोन दिवस झाले अडकलेय, पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) येणाऱ्या कोणीतरी बघा प्लीज.

आजोबांची ४ हेक्टर जमीन आहे, वारस नोंद झालेली आहे, कोणाला किती यावर घरात काही वाद नाही. मोठे काका आहेत, त्यांचा १/३. बाबा गेले, त्यांच्या १/३ मध्ये आई आणि आम्ही तीन भावंडं, म्हणजे प्रत्येकी १/१२. आत्या गेली, तिच्या १/३ मध्ये तिचे यजमान आणि सहा मुलं, म्हणजे प्रत्येकी १/२१. पण हिश्श्यांच्या एक्सेल शीटमध्ये हे असं लिहिलेलं नाही, तिथे नुसते दशांश आहेत, ०.३३३३, ०.०८३३, ०.०४७६. आणि अशा अजून पाच गटांच्या शीट आहेत, त्यात चुलत आजोबांच्या शाखा पण येतात, तीसेक नावं, तिथे कोणाचा मूळ अपूर्णांक काय ते मला माहीत नाही म्हणून प्रोग्रॅमनेच काढायचंय.

घाई का ते सांगते. आतेभावाने परवा विचारलं की आमचे सात जणांचे मिळून ०.३३३२ येतात आणि काकांचे एकट्याचे ०.३३३३, असं का गं? त्याने सहज विचारलं. आमच्या चौघांचे पण ०.३३३२ च येतात, एकूण बेरीज ०.९९९७, म्हणजे ४०,००० चौरस मीटरमधले १२ चौरस मीटर कोणाच्याच नावावर नाहीत. पण आत्याच्या घरच्यांना आपला आकडा कणभरही कमी दिसावा हे मला नकोय, आजोबांनी मुलगा-मुलगी कधी केलं नाही. कागदावर सरळ १/२१ दिसलं पाहिजे.

काय काय केलं:

आधी १० ने गुणत गुणत पूर्णांक होईपर्यंत जायचं आणि मग मसावि काढून संक्षेप करायचा असं लिहिलं. ते कुठेही फसतं, ०.२९ ला १०० ने गुणलं तर २८.९९९९९९९९९९९९९९६ येतं आणि इंट केलं (दशांश भाग टाकून दिला) की २८.

मग पायथनमधलं फ्रॅक्शन्स मॉड्यूल सापडलं, अपूर्णांकांसाठीचं तयार साधन. त्याला ०.१ दिलं तर म्हणतो ३६०२८७९७०१८९६३९७ / ३६०२८७९७०१८९६३९६८. हे वाचून डोकंच फिरलं.

मग त्यातलं लिमिट_डिनॉमिनेटर लावलं (छेद मर्यादेत ठेवून जवळचा अपूर्णांक देणारं फंक्शन), ०.१ चं १/१० झालं, आनंद झाला, पण ०.०४७६ चं ११९/२५०० आणि ०.०८३३ चं ८३३/१०००० देतोय. फ्लोटिंग पॉइंटची एरर, म्हणजे कम्प्युटर दशांश साठवताना होणारी बारीक चूक, अजून कशी घालवू?

प्रतिसाद १

ताई, तो मोठा आकडा चुकीचा नाहीये, कम्प्युटरमध्ये खरंच तेवढंच साठवलेलं असतं. खालचा छेद बघा, तो बरोबर २ चा ५५ वा घात आहे. फ्लोटमध्ये (कम्प्युटर दशांश ज्या रूपात साठवतो त्यात) छेद फक्त २ चे घात असू शकतात त्यामुळे १/२, १/४, ३/८ अगदी नेमके बसतात पण १/१० बसत नाही, जवळचा काहीतरी घ्यावा लागतो.

जमिनीचाच विषय आहे म्हणून सांगतो, जुन्या फेरफारात हिस्से आणे-पैमध्ये लिहिलेले असायचे, ते काढून बघा. रुपया म्हणजे १६ आणे, आणा म्हणजे १२ पै, एकूण १९२ पै. त्यात १/३ हिस्सा ५ आणे ४ पै, नेमका, काही उरत नाही. तुमचा १/१२ म्हणजे १ आणा ४ पै, तोही नेमका. पण १/१० काढायला गेलात तर १९.२ पै, पै तुटते. आणि दशांशात उलटं, १/१० सुखाने बसतो आणि १/३ कधी संपतच नाही. प्रत्येक मोजमापात काही अपूर्णांक बसतात काही नाही, कम्प्युटरचं माप २ चं आहे एवढंच. तुमचा १/२१ मात्र या तिन्हीत कुठेच बसत नाही.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे पण ताईंची अडचण आता फ्लोटची राहिलेलीच नाही. ११९/२५०० म्हणजे तंतोतंत ०.०४७६, म्हणजे फ्लोटचा कचरा लिमिट_डिनॉमिनेटरने आधीच साफ केलाय. १/२१ म्हणजे ०.०४७६१९०४..., ते दशांशाच्या चार घरांवर कोणीतरी तोडलं तिथे ०.००००१९ गेले. फ्लोटची चूक याच्यापुढे काहीच नाही, ती सतराव्या-अठराव्या घरात असते.

त्या फंक्शनला तुम्ही मर्यादा दिली नाही, मग तो १० लाखापर्यंत छेद घेतो, आणि चार घरांचा कुठलाही दशांश १०,००० छेदात बसतोच, म्हणून तो आहे तेच परत देतो. मर्यादा १०० द्या, १/२१ आणि १/१२ मिळतील.

१०० च का, तर १०० पर्यंत छेद असलेले कुठलेही दोन वेगळे अपूर्णांक घेतले तर त्यांच्यात निदान १/९९०० चं अंतर असतं, म्हणजे ०.०००१ पेक्षा किंचित जास्त. चार घरांवर राउंड केलेल्या आकड्याची खिडकी, म्हणजे मूळ आकडा जिथे असू शकतो तो पट्टा, ०.०००१ रुंद, त्यात असे दोन मावूच शकत नाहीत. म्हणून उत्तर एकच येतं, अंदाज नाही हा. छेद १०० च्या वर असेल तर मात्र ही खात्री देता येत नाही.

आत काय चालतं ते हाताने पण करून बघा. ०.०४७६ उलटा करा, २१.००८४. २१ बाजूला ठेवा, उरलेला ०.००८४ उलटा करा, ११९ येतात. एकदम एवढा मोठा आकडा आला की समजायचं, त्याच्या आधीच थांबायला हवं होतं. हेच १४२९/१०००० (०.१४२९) वर करा, ६, मग १, मग एकदम ४७५, म्हणजे १/७. कन्टिन्यूड फ्रॅक्शन म्हणतात ते हेच.

आणि उत्तर आल्यावर बेरीज फ्रॅक्शनमध्येच करा, बरोबर १ आली पाहिजे. नाही आली तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा, पुढे कागद छापू नका.

धागाकर्ती

बाप रे, झालं! १/३ + ४ × १/१२ + ७ × १/२१ = १, पहिल्यांदा १ दिसला. लसावि ८४ येतो, म्हणजे काकांचे २८ भाग, आमचे प्रत्येकी ७, आत्याकडे प्रत्येकी ४. तिन्ही घरांना २८-२८-२८. हेच छापते, आतेभावाला हे बघून काही विचारावंच लागणार नाही.

एक राहिलं, एका गटात कोणीतरी दशांशाची दोनच घरं टाकलीत, ०.०८. तिथे १/१२ धरू का? १०० मर्यादेने २/२५ येतोय, ते तर नक्कीच नाही.

प्रतिसाद २

धरू नका. दशांशाच्या दोन घरांना हीच खात्री फक्त १० पर्यंतच्या छेदाला मिळते. १/१२ म्हणजे ०.०८३३ आणि १/१३ म्हणजे ०.०७६९, दोन्ही ०.०८ च होतात. त्या शाखेत माणसं किती ते बघावं लागेल, कोडने निघणार नाही.

प्रतिसाद ३

एक विचारू का, तुम्ही मूळ एक्सेल वाचताय की सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी टेक्स्ट फाईल)? सीएसव्ही करताना सेलमध्ये जेवढं दिसतं तेवढंच लिहिलं जातं. कदाचित आत पूर्ण आकडा असेल आणि फक्त दिसायला चार घरं ठेवली असतील. मूळ फाईल ओपनपायएक्सेलने (एक्सेल फाईल वाचणारी पायथनची लायब्ररी) उघडा, तो डिफॉल्टला फॉर्म्युला असेल तर फॉर्म्युलाच देतो.

धागाकर्ती

सीएसव्हीच होती, मीच करून घेतली होती सोयीसाठी. आता मूळ फाईल उघडली. आत्याच्या घरच्या सातही नावांसमोर सेलमध्ये लिहिलंय =१/३/७. आमच्यासमोर =१/३/४. ज्यांनी ही शीट केली त्यांनी एकही हिस्सा दशांशात लिहिला नव्हता, सगळे फॉर्म्युले आहेत.

फक्त तो ०.०८ खरोखर हाताने टाकलेला आहे, नंतर कोणीतरी. त्या शाखेतल्या चुलत आत्याला उद्या फोन करून घरातली नावं विचारून घेते.