शब्दचर्चा: ब्रिटनचं सरकार फिरलं, त्याला ‘घूमजाव’ म्हणायचं की ‘माघार’?

मिडलंडची माहेरवाशीण

मंडळी, एक शब्द अडलाय. माझी शेजारीण ८२ वर्षांची, एकटी राहते. २०२४च्या जुलैत सरकारने हिवाळी इंधन भत्ता फक्त पेन्शन क्रेडिटसारखी कमी उत्पन्नासाठीची सरकारी मदत घेणाऱ्या वृद्धांपुरता ठेवला आणि तिचे ३०० पौंड गेले. क्रेडिटच्या मर्यादेपेक्षा हिचं उत्पन्न जेमतेम जास्त. तो हिवाळा तिने एकाच खोलीत हीटर लावून काढला. टीव्हीवर अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज दिसल्या की ती आवाज बंद करायची. मग २०२५च्या जूनमध्ये निर्णय फिरला, इथल्या भाषेत यू-टर्न.

मी साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं, “सरकारने घूमजाव केलं बघ.” आई म्हणाली, “अगं बाई! म्हणजे म्हातारीला आता काहीच मिळणार नाही?”

आता बोला. बातमी चांगली होती, शब्दाने वाईट केली. मग म्हणायचं काय?

जुनी दौत

ताई, चूक आईंची नाही, शब्दाची आहे. ‘घूमजाव’ आपण दिलेल्या शब्दावरून फिरणाऱ्यासाठी वापरतो. शब्दातच हिंदुस्थानी हुकूम बसलाय, घूम, जाव, त्यामुळे पाठ दाखवल्याचा उपहास त्यात आपोआप येतो. कोण घसरलं ते कळतं, कोणाचं भलं झालं ते कळत नाही.

‘माघार’ वेगळी. ती समोरच्याच्या जोरामुळे घेतली जाते. सुमारे एक कोटी वृद्धांचा भत्ता गेला होता. मतं मागायला गेलेल्यांना दारोदार तेवढंच ऐकावं लागलं, २०२५च्या मेमध्ये स्थानिक निवडणुकांत सपाटून मार बसला, तेव्हा सरकारचे पाय मागे वळले. ही माघार. आणि ‘कोलांटउडी’ त्याच्यासाठी ठेवा, जो फिरून पुन्हा पायांवर उभा राहतो आणि काही झालंच नाही असा चेहरा करतो.

पावशेर

दौतकाका, माघार म्हणायला माझी हरकत आहे. पूर्ण मागे आले कुठे? भत्ता सगळ्या वृद्धांना मिळणार, पण वर्षाचं उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर असेल तर तोच पैसा करातून परत कापून घेणार. उजव्या हाताने द्यायचं, डाव्याने काढायचं. आमच्याकडे याला ‘अर्धं वळण’ म्हणतात, रिक्षावाला मारतो तसं.

खडूफळा

‘वळण’वरून आठवलं. १० ऑक्टोबर १९८०, ब्रायटनचं पक्षाधिवेशन. बेकारी वाढत होती, धोरण बदला म्हणून घरच्याच मंडळींचा दबाव होता, आणि तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर म्हणाल्या, तुम्हाला वळायचं तर वळा, ही बाई वळणारी नाही. इंग्रजीत ‘तू वळ’ म्हणजेही ‘यू टर्न’च, म्हणून टाळी तिथे पडली. मराठीत ती कोटी उतरत नाही आणि त्याचं कारण गमतीचं आहे. आपल्याकडे ‘वळण’ चांगलं! पोराला वळण असावं, अक्षराला वळण असावं. “ही बाई वळणारी नाही” असं वर्गात म्हटलं तर मुलं समजतील, बाईंना घरी कोणी वळण लावलं नाही.

जुनी दौत

वा! आणि न वळण्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण तिथेच मराठीला एक अस्सल शब्द सापडतो: डोईपट्टी.

तोवर तिथे ‘रेट्स’ होते, म्हणजे आपली घरपट्टीच. घर मोठं तर पट्टी मोठी. थॅचरबाईंनी ती काढून माणशी पट्टी बसवली, १९८९मध्ये स्कॉटलंडात, १९९०मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये. एकाच कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या हद्दीत बंगल्याचा मालक आणि त्याचा माळी, दोघांना आकडा एक. अगदी गरिबाला सवलत होती, तरी पाचवा हिस्सा भरावाच लागे. सरकारी नाव मोठं गोंडस होतं, ‘कम्युनिटी चार्ज’, म्हणजे समाज-आकार म्हणा हवं तर. लोकांनी ते तोंडात धरलंच नाही. ते म्हणाले ‘पोल टॅक्स’. ‘पोल’चा जुना अर्थ डोकं, डोई. मतदानालाही पोल म्हणतात ते डोकी मोजतात म्हणून. पट्टी चुकवायला अनेकांनी मतदारयादीत नाव घालायचंच टाळलं, म्हणजे एका पोलपायी दुसरा पोल गेला.

“ऐपत नाही, भरणार नाही” अशी घोषणा होती. ३१ मार्च १९९० रोजी ट्रॅफल्गर चौकात दंगल झाली, नोव्हेंबरात बाई पायउतार झाल्या. १९९३मध्ये आली कौन्सिल टॅक्स, जी पुन्हा घराच्या किमतीवर. घरपट्टीवरून डोईपट्टी आणि डोईपट्टीवरून घरपट्टी. ‘वळणाचं पाणी वळणावर’ ते हेच.

आपले काही लेखक याला ‘मतदान कर’ लिहितात. कृपा करून लिहू नका.

मिडलंडची माहेरवाशीण

काका, मग ‘बेडरूम टॅक्स’ला ‘खोलीपट्टी’ चालेल? आमच्या कामावरच्या एकीला अजून लागतो. मुलगी शिकून बाहेर पडली, तिची खोली ‘जादा’ ठरली. ती म्हणते, खोली कुठे नेऊन ठेवू?

खडूफळा

नाही चालणार. तो कर नाहीच. २०१३मध्ये सरकारी किंवा संस्थेच्या घरात राहणाऱ्या, घरभाड्याची मदत घेणाऱ्या कामाच्या वयातल्या लोकांची ती मदत कापली. एक खोली जादा तर १४ टक्के, दोन किंवा अधिक तर २५. पट्टी म्हणजे लोकांनी सरकारला द्यायची. इथे सरकारने द्यायचं कमी केलं. ‘जादा खोली कपात’ म्हणा.

पावशेर

बाई, हिशेब तुमचा बरोबर आणि कान चुकीचा. तिच्या खिशातून आठवड्याला पैसे जातात, तिला ती पट्टीच. सरकारचं म्हणणं होतं की आम्ही ‘जादा खोलीचं अनुदान’ काढलं. असं अनुदान आपल्याला मिळत होतं हे लोकांना ते काढल्यावर कळलं! पुकारायचं नाव लोकांनी ठेवायचं असतं, कागदावरचं कागदावर राहू दे. मी खोलीपट्टीच म्हणणार.

जुनी दौत

बातमीत लिहिताना बाईंचं ऐका, कट्ट्यावर बोलताना पावशेरांचं. मला मात्र आज दुसराच शब्द टोचतोय. आपली वर्तमानपत्रं अजूनही ‘हुजूर पक्ष’ आणि ‘मजूर पक्ष’ लिहितात. ‘लेबर’ला मजूर हे भाषांतर झालं. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला हुजूर हे भाषांतर नव्हे, शेरा आहे! हुजूर म्हणजे दरबार, धनी. पुण्यातल्या हुजूरपागेत धन्याचे घोडे असत. अनुप्रास जुळला, अर्थही टोचला, आणि शब्द टिकला. चार जुलै २०२४ला १४ वर्षांनी हुजूर गेले, मजूर आले.

पावशेर

आणि मजुरांचीच व्याख्या अडली. ‘काम करणाऱ्या माणसांवर’ प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा (पगारावरची सक्तीची वर्गणी) आणि व्हॅट (विक्रीवरचा कर) वाढवणार नाही, असं जाहीरनाम्यात होतं. काम करणारा माणूस म्हणजे कोण, हे सांगता सांगता ऑक्टोबरात मंत्र्यांची दमछाक झाली. मग मालकाने भरायचा राष्ट्रीय विमा १३.८वरून १५ टक्के केला आणि तो लागू व्हायची पगाराची मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,०००वर आणली. माझ्या ओळखीचा एक खानावळवाला आहे, आठ माणसं हाताखाली, पहाटे पाचला कांदा चिरायला स्वतः उभा. तो विचारतो, मी हुजूर की मजूर?

आपल्याकडे ‘कष्टकरी’ म्हटलं असतं तर तो आत आला असता. ‘नोकरदार’ म्हटलं असतं तर बाहेर.

खडूफळा

‘कष्टकरी’ म्हटलं की शेतकरीही आत येतो, आणि तिथे त्यांची पंचाईत झाली असती. वारसा करातली शेतजमिनीची सवलत आखडली म्हणून नोव्हेंबर २०२४मध्ये शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरलेच होते. १० लाख पौंडांची मर्यादा पुढे २५ लाख केली. पुन्हा माघार. (की घूमजाव? आता मलाच शंका यायला लागली.)

भाड्याचं घर

मी वाचनमात्र असतो, पण एक शब्द माझाही. ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवान्याला आम्ही मराठी मंडळी सर्रास ‘सेटल होणं’ म्हणतो. मे २०२५मध्ये सरकारने तो मिळण्याआधी थांबायची मुदत पाचवरून दहा वर्षे करायचं मांडलं, आणि म्हणे ते ‘कमवावं’ लागेल. मी चौथ्या वर्षात होतो. कर भरतो, वर आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला माणशी १,०३५ पौंड व्हिसाबरोबर आगाऊ भरलेत. ‘स्थायिक’ हा शब्द फार गुळगुळीत वाटतो. आजी आमच्या घराला ‘बिऱ्हाड’ म्हणते, “तुझं लंडनचं बिऱ्हाड कसं आहे?” पूर्वी हसायचो. आता वाटतं, नेमका शब्द तिचाच. सामान लावलेलं आहे, पण मालक उठ म्हणाला की उठायचं.

जुनी दौत

दादा, बिऱ्हाड पाठीवर असलं तरी चूल पेटलेली असते. शब्दाबद्दल आजीला नमस्कार सांगा.

मिडलंडची माहेरवाशीण

आईला काल पुन्हा फोन केला. “सरकारने माघार घेतली, शेजारणीला पैसे मिळाले,” म्हटलं. आई म्हणाली, “मग आधी का कापले?” यावर कोणत्याच शब्दकोशात काही सापडलं नाही.

जाता जाता एक. हुजूर झाले, मजूर झाले, आता त्या नायजेल फराज यांच्या ‘रिफॉर्म’ पक्षाला मराठीत काय म्हणायचं? शेजारीण त्यांना मत द्यायचं म्हणतेय. ‘सुधारक’ म्हणू का?

जुनी दौत

‘सुधारक’ आगरकरांनी १८८८मध्येच घेऊन ठेवलाय. रिफॉर्मच म्हणा.