उचकापाचक म्हणजे नुसता पसारा नाही

उचकापाचक = पसारा असं सांगून लोक मोकळे होतात ते मला अजिबात पटत नाही. पसारा नुसता पडलेला असतो, उचकापाचक कोणीतरी केलेली असते, आणि तीपण काहीतरी शोधायला म्हणून खणात हात घालून, घड्या मोडून, खालचं वर करून, बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सामानात. आमच्या आज्जीच्या कपाटात रेशनकार्ड, लाईटबिलं, दवाखान्याच्या फायली, नातवंडांना द्यायच्या नव्या नोटा असं सगळं एकाच खणात असायचं आणि तिला ते अंधारातही सापडायचं, आम्ही कपाटाचं दार उघडलं की स्वयंपाकघरातून आवाज, "उचकापाचक करू नका रे, मी देते काढून!"

विस्कटणे वेगळं. केस वाऱ्यानेही विस्कटतात, अंथरूण झोपेत विस्कटतं, संसाराची घडीसुद्धा विस्कटते. पण वारा कधी उचकापाचक करत नाही, तिथे कोणाचा तरी हात लागतोच. गावाकडचा 'इस्कोट' मला विस्कटणेच्या जवळचा वाटतो, फक्त त्यात कामाचा पार विचका झाला असाही अर्थ येतो.

आता उचकणे आणि उचकटणे, यात लोक फार गोंधळ करतात. उचकटणे म्हणजे जोर लावून, पहार वगैरे घालून उघडणे, पेपरात रोज असतं बघा, 'घराचा कडीकोयंडा उचकटून चोरी'. म्हणजे चोर आधी कडी उचकटतो आणि मग कपाट उचकतो. माणसाला मात्र उचकवतात, "तो गप बसलाय ना, कशाला उचकवतेस त्याला". आणि यातल्या 'पाचक'चा चूर्णाशी काही संबंध नाही, ते जेवणबिवणमधल्या बिवणसारखं नादासाठी मागे लागलं असावं.

हल्ली मुलं म्हणतात "माझा मोबाईल उचकू नको". मला हा वापर फार आवडतो, कारण मोबाईलमध्ये काहीच विस्कटत नाही, सगळं जिथल्या तिथे राहतं, तरी शब्द बरोब्बर बसतो, न विचारता हात घातला हे त्यात येतं. "चेक करू नको" म्हटलं की ते येतच नाही.

तुमच्याकडे उचकपाचक म्हणतात की उचकापाचक? मी दोन्ही ऐकलंय, लिहिताना काना देतो.